उरलेला पेपर

निम्मा पेपर झाला असेल-नसेल, तेवढ्यात गडहिंग्लजच्या केंद्रातले सगळे स्क्रीन एकदम निळे पडले. एप्रिलचं ऊन, इमारतीत खच्चून भरलेली मुलं आणि तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत तापून बंद पडलेला सर्व्हर. पर्यवेक्षकांनी थोडा वेळ फोनाफोनी केली, एकमेकांची तोंडं पाहिली आणि शेवटी वर्गांची दारं उघडून दिली.

फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत शीतल खराडे उभी होती. आधी तिचा मुलगा राजवीर आला, पाण्याची बाटली हवेत उडवत झेलत.

"सुटलो आई! मशीनच झोपलं."

त्याच्यामागून ओवी आली. ओवी म्हणजे शीतलच्या नणंदेची मुलगी. वडील गेल्यावर तिची आई वैशाली मस्कतला नर्स म्हणून गेली आणि दोन वर्षांपूर्वी पोरीला भावाच्या घरी ठेवलं. राजवीर आणि ओवी दोघंही आठवीत, एकाच वर्गात.

"मामी, आत्ता कुठं हात बसला होता गं," ओवी म्हणाली. "पुढची भूमितीची होती सगळी."

"मग घेतील की परत पेपर."

"नाही घेणार. पूरक लावणार म्हणाले."

आजऱ्याकडच्या डोंगरात सरकारने काढलेल्या प्रज्ञा निकेतन या निवासी शाळेत नववीपासून प्रवेश मिळायचा. जिल्ह्यातून मोजकीच मुलं घ्यायचे आणि त्यांचं बारावीपर्यंतचं सगळं निकेतन बघायचं. त्यामुळे निवड चाचणीला पोरांची झुंबड उडे. पूर्वी कुठल्या केंद्रावर यंत्रं बंद पडली, की तिथल्या मुलांची फेरपरीक्षा व्हायची. मग नवा पेपर सोपा होता म्हणून एक पालक कोर्टात जायचा, अवघड होता म्हणून दुसरा. निकाल लागेपर्यंत मुलं दहावीला पोचलेली असायची. या कटकटीला कंटाळून निवड मंडळाने 'पूरक' आणलं.

पूरकमागची कल्पना समजायला अवघड नव्हती. अक्षराला जसं वळण असतं, तसंच विचार करण्यालाही असतं. कुणी प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचतं, कुणी पर्याय एकेक करून खोडत जातं. कुणी अपूर्णांकात नेमकी तीच चूक दहा वेळा करतं. सरकारने दिलेल्या टॅबवर मुलं दोन-दोन वर्षं सराव करत, तेव्हा टॅब हे सगळं टिपून घेत असे: कुठं बोट थबकलं, काय पुसलं, काय सोडून पुढं गेलं. त्यातून प्रत्येक मुलाचा एक साचा तयार होई. चाचणी मध्येच तुटली, तर सोडवलेला भाग त्या साच्यावर ठेवून पूरक उरलेल्या प्रश्नांची उत्तरं सांगायचं. या मुलानं कुठलं बरोबर सोडवलं असतं आणि कुठं चुकलं असतं, याचा अंदाज. पूर्ण झालेल्या हजारो पेपरांचा अर्धा भाग झाकून तज्ज्ञांनी पूरकची परीक्षा घेतली होती. अंदाज आणि खरे गुण यांत एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक निघायचा. कोर्टानेही ते मान्य केलं होतं.

ज्याला हा अंदाज नको असेल, त्याला नवा पेपर मागता येई. पण ते निकालाच्या आधीच कळवावं लागे आणि मग त्यात जे पडेल ते गोड मानून घ्यावं लागे. सहसा कुणी त्या वाटेला जात नसे. शीतलच्या नवऱ्याने, रणजितने, त्याच संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाईक करता करता दोन्ही मुलांच्या नावापुढं 'मान्य' दाबून टाकलं.

*

टॅब घराला एकच मिळायचा. खराड्यांच्या घरी तो ओवी येण्याआधीच आला होता, राजवीरच्या नावावर. तो त्याच्या चेहऱ्यानेच उघडायचा. ओवीचं खातं काढायचं तर वैशालीची मस्कतहून संमती, पालकत्वाचा दाखला, तहसील कचेरीतले हेलपाटे. "काढू की, पुढच्या आठवड्यात," म्हणता म्हणता रणजितने ते अगदी चाचणीच्या तोंडावर काढलं होतं.

घरात त्यावाचून कुणाचं अडलं नाही. सकाळी उठल्या उठल्या राजवीर टॅबसमोर तोंड करायचा, टॅब उघडला की ओवीकडे ढकलून द्यायचा आणि कबड्डीच्या मैदानावर पळायचा. ओवी जिन्याच्या पायरीवर बसून सराव करायची. शीतल पोळ्या करता करता बघायची. राजवीरचा सराव पूर्ण झाल्याचा हिरवा टिळा रोज लागतोय, म्हणून शाळाही खूश होती. शीतलला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. पोरं मिळून-मिसळून राहताहेत, एवढंच वाटलं.

निकाल आला तो मे महिन्यात. राजवीरची निवड झाली होती. ओवी यादीच्या आसपासही नव्हती.

रणजितने दुकानातूनच पेढे मागवले. गल्लीतली माणसं येऊन गेली. राजवीर सगळ्यांच्या पाया पडत होता, पण हसताना त्याचे ओठ ओढल्यासारखे वाटत होते. ओवी ताटल्या भरून देत होती. शीतलने तिला जवळ घेतलं, तर म्हणाली, "जाऊ दे गं मामी. नशीब."

गर्दी ओसरल्यावर शीतलने निकालासोबतचा अहवाल उघडला. पूरकने कशाच्या आधारावर अंदाज बांधला, ते पालकांना कळावं म्हणून त्यात साध्या मराठीत लिहिलेलं असे.

'राजवीरने सोडवलेल्या भागात अपेक्षेपेक्षा कमी गुण आहेत. दीर्घ सराव पाहता हा परीक्षेच्या दडपणाचा परिणाम असावा. राजवीरची भूमिती उत्तम आहे. तो आकृती उलटी फिरवून पाहतो. वेळ-वेगाची उदाहरणं तो शेवटी ठेवतो आणि उत्तरापासून मागे येत सोडवतो.'

शीतलने ते दोनदा वाचलं. टॅब उलटा करून, मान वाकडी करून आकृती बघणारी पोरगी तिने दोन वर्षं त्या पायरीवर पाहिली होती.

तिने ओवीचा अहवाल उघडला. तो चारच ओळींचा होता. 'ओवीच्या सरावाची पुरेशी माहिती नाही. सोडवलेल्या भागातले चांगले गुण योगायोगाचे असू शकतात. म्हणून तालुक्यातल्या मुलांची सरासरी धरली आहे.'

म्हणजे राजवीर अडखळला तर यंत्राने त्याला सावरून घेतलं, आणि ओवी पळाली तर तिला मागे खेचलं. तिच्या जागी तालुका बसून पेपर सोडवून गेला होता.

शीतलने मान वर केली. ओवी दारात उभी होती. तिने आपला अहवाल आधीच वाचला असावा, कदाचित राजवीरचाही. तिने रिकाम्या ताटल्या उचलल्या आणि घासायला घेऊन गेली.

*

"तुझं डोकं फिरलंय का?" रणजित म्हणाला. दुकान बंद करून तो नुकताच आला होता. "गावभर पेढे वाटलेत मी."

"पेढ्यांचं काय घेऊन बसलाय? ती जागा ओवीच्या सरावावर मिळालीय."

"पेपरला राजवीर बसला होता ना? मशीननं दिलीय ती जागा, आपण काय चोरली न्हाई."

"अहो, तुमच्या सख्ख्या बहिणीची पोरगी आहे ती. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

तो शर्टाच्या बाह्या खाली-वर करत राहिला. "मला कळत न्हाई असं वाटतंय तुला?" तो हळू आवाजात म्हणाला. "तिचं खातं मी येळेवर काढलं असतं तर ही येळ आली नसती. पण आता उकरून काय होणार? आपलं पोरगं हातचं जाईल आणि तिला मिळंल का न्हाई ते देवालाच ठाऊक."

शीतलने मस्कतला फोन लावला. वैशालीने सगळं ऐकून घेतलं. मागे तिच्या वॉर्डातल्या यंत्रांची टिकटिक चालू होती.

"वहिनी, राहू दे," ती म्हणाली. "माझी पोर तुम्ही सांभाळताय, तेच खूप आहे. उगाच राजवीरच्या पानातलं काढून तिच्या पानात वाढू नका. मग तिला त्या घरात राहणं जड जाईल."

फोन ठेवल्यावर शीतलला जास्तच वाईट वाटलं. नवऱ्याच्या बोलण्याचा राग तरी करता येत होता.

दोन दिवसांनी ती रजा टाकून कोल्हापूरला निवड मंडळाच्या कचेरीत गेली. शंका निवारणासाठी तिथं डॉ. केतकी नाडगौडा बसत. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, समोरच्याचं बोलणं न तोडता ऐकणाऱ्या. शीतलने सगळं सांगितलं.

"तुमच्या मुलाची निवड झालीय, आणि तुम्ही तक्रार करायला आलात?" नाडगौडाबाईंनी खात्री करून घेतली.

"मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, मॅडम. एका नळीत दोघांचं रक्त गेलं, तर मशीन रिपोर्ट देतंच. अगदी नीटनेटका देतं. पण तो दोघांपैकी कुणाचाच नसतो."

बाईंनी राजवीरचं खातं उघडलं. स्क्रीनवर ठिपक्यांची एक दाट रांगोळी उमटली. एकेक ठिपका म्हणजे एकेक सोडवलेला प्रश्न. त्यांनी एक कळ दाबली आणि ठिपके दोन रंगांत फुटले. बहुतेक सगळे निळे. कडेला चिमूटभर पिवळे.

"हे दोन वेगळे हात आहेत," त्या म्हणाल्या. "थांबण्याची लय वेगळी, चुका वेगळ्या. पिवळे तुमच्या मुलाचे असावेत."

"म्हणजे मशीनला हे आधीच दिसत होतं?"

"दिसत होतं. पण टॅब उघडणारा चेहरा एकच होता. नियम चेहरा बघतो, लय बघत नाही."

"मग नियम करताना कुणाच्या लक्षात आलं नाही का? घरात टॅब एक आणि पोरं दोन-तीन. अशी किती घरं असतील?"

नाडगौडाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मी मोजून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "वरून उत्तर आलं, की तक्रार आलीय का? तक्रार एकही नव्हती. कोण करणार? ज्याचा फायदा झाला तो बोलत नाही आणि जिचं नुकसान झालं तिला पत्ताच नसतो."

मग त्यांनी वाट सांगितली. मिश्र खात्याची तक्रार नोंदवली, तर त्या खात्यावरून बांधलेला अंदाज रद्द होईल, ज्याचं नुकसान झालं त्याचाही होईल, आणि दोघांना नव्याने पूर्ण पेपर द्यावा लागेल. यंत्राचा कसलाही आधार नाही. जे सोडवतील तेच गुण. मात्र ज्याच्या नावावर खातं आहे, त्या मुलाने स्वतः येऊन सांगायला हवं.

"तुमच्या सांगण्यावर मला करता येणार नाही. आणि एक सांगू? तुमच्या मुलाचं अवघड दिसतंय."

"माहितीये," शीतल म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला सारखं वाटत होतं, आपण आई म्हणून नक्की काय करायला निघालोय? ज्या पोराला वाढवलं, त्याच्याच हातातलं काढून घ्यायचं, आणि तेही त्याच्याच तोंडून वदवून. कागलपर्यंत तिचं मन वळत होतं, निपाणीपर्यंत परत फिरत होतं. घरी पोचेपर्यंत तिचं एवढंच ठरलं, की त्याला सांगायचं सगळं खरं, पण त्याच्यावर लादायचं नाही.

*

राजवीर मैदानावरून आला, तेव्हा त्याचे गुडघे सोलवटलेले होते. शीतलने मोरीत बसवून ते धुतले आणि धुता धुताच सगळं सांगितलं.

"मला माहितीये," तो म्हणाला. "निकाल लागला त्या दिवशीच कळलं. ती उलटी आकृतीबिकृती... मी कधी फिरवलीय?"

"मग बोलला का नाहीस?"

"बाबा एवढे खूश होते. आणि..." त्याने पाण्यात बोट फिरवलं. "मलाही जायचंय आई. तिथं कबड्डीची मॅट आहे खरी."

तिने टॉवेलने त्याचे पाय टिपले.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी पुन्हा कोल्हापूरला जाणार नाही. परत विषय काढणार नाही. खातं तुझ्या नावावर आहे, तूच ठरव."

तो उठून गच्चीवर गेला. जेवायलाही आला नाही. ओवीने त्याचं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीतल कामावर निघाली, तेव्हा तो चप्पल घालून दारात उभा होता.

"कोल्हापूरला कधी जायचं?"

"ठरवलंस?"

"ती एकदाही बोलली नाही गं मला. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तशीच माझं ताट झाकून ठेवते."

रणजितने त्यांना अडवलं नाही आणि सोबतही आला नाही. नाडगौडाबाईंसमोर राजवीर ताठ बसला आणि म्हणाला, "सराव मी नाही केला. ओवीनं केला. मी फक्त तोंड दाखवलं." बाईंनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं.

ओवीला हे कळलं, तेव्हा ती शीतलवर पहिल्यांदाच चिडली. "मला विचारलं का कुणी? आता मी नापास झाले, तर मामा काय म्हणतील? माझ्यामुळं दोघांचं गेलं म्हणतील!"

"म्हणू देत."

"तुला सोपंय गं मामी. तू या घरातली आहेस."

शीतल पोरीशेजारी पायरीवर बसली आणि ओवी रडून मोकळी होईपर्यंत बसून राहिली. नंतर ओवीनेच नाक पुसलं आणि विचारलं, "पेपर कधीय?"

*

पेपर कोल्हापुरातल्या एका रिकाम्या कचेरीत झाला. एका खोलीत दोनच मुलं आणि नाडगौडाबाई. शीतल बाहेरच्या बाकावर बसून होती. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. रणजित दुकान बंद ठेवून आला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"काय चाललंय आत?"

"सोडवताहेत."

"दोघंबी?"

"दोघंही."

राजवीर शेवटपर्यंत बसला. बाहेर आला तो घामेजलेला होता. "अवघड होता, पण मजा आली थोडी," तो बापाकडे न बघता म्हणाला. रणजितने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांना मिसळ खायला नेलं. मिसळ खाताना ओवीचं लक्ष नव्हतं. एक प्रश्न तिच्या मनातून जात नव्हता. तो चुकलाय हे तिला कळून चुकलं होतं.

निकाल नाडगौडाबाईंनी फोन करून सांगितला. राजवीर यादीपासून बराच दूर राहिला. ओवीची निवड झाली होती, अगदी काठावर. निळ्या ठिपक्यांवरून पूरकने तिला जेवढे गुण दिले असते, त्यापेक्षा तिला चांगलेच कमी पडले होते. "मशीन चुकलं असं नका समजू," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी ती पोर काय काय डोक्यात घेऊन बसली होती, ते त्याला कुठं माहीत होतं?" आणि शेवटी त्यांनी एवढंच सांगितलं, की त्यांनी मांडलेला मिश्र खात्यांचा जुना अहवाल आता परत वर गेलाय. या वेळी सोबत एक तक्रारही आहे.

फोन ठेवून शीतल स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिला आनंद झाला होता, आणि आपल्या मुलासाठी तिच्या छातीत दुखत होतं. यातलं एकही दुसऱ्याला हटवत नव्हतं. बाहेर राजवीर ओवीच्या पाठीत धपाटा घालून "जा आता डोंगरात, वाघ खाईल" म्हणत होता. नंतर तो बराच वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसला. शीतलने दार वाजवलं नाही.

गल्लीत लोक विचारत, पेढे परत मागायला येणार का म्हणून थट्टा करत. रणजित काही दिवस खाली मान घालून दुकानात जायचा. मग एका गिऱ्हाइकाला तो जरा जोरातच म्हणाला, "माझी भाची लागलीय निकेतनला. भाची!"

जूनमध्ये ओवी गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. राजवीर शाळेत एकटा जायचा आणि एकटा यायचा. मैदानावर जायचा, पण लवकर परतायचा.

पंधरवड्याने हॉस्टेलवरून ओवीचा फोन आला.

"मामी, इथं सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत गं. पहिल्या चाचणीत मी खालून तिसरी."

"मग? यायचंय का परत?"

"छे गं! इथं एक भूमितीचे सर आहेत, ते उत्तरच सांगत नाहीत. आठवडाभर एकच गणित. कुणालाच येईना. डोकं नुसतं भणभणलंय." तिचा आवाज मात्र भणभणलेला नव्हता.

राजवीर जेवत होता. त्याने उष्ट्या हातानेच खूण केली, फोन दे म्हणून. "कसलं गणित? सांग की."

ओवीने सांगितलं. एक वर्तुळ, त्यात एक चौकोन, आणखी काहीबाही. शीतलला त्यातलं काही कळलं नाही. राजवीरने हात धुतला, जुन्या वहीचं पान फाडलं आणि फोन कानाशी धरून आकृती काढली. मग कागद आणि फोन घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. ताटातला भात तसाच राहिला. एकदा त्याने खोडलं, परत काढलं. मग कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"निघालं का रे?" फोनवरून ओवीचा आवाज आला. "मला वाटतं आधी या कोपऱ्यातून..."

"गप्प!" राजवीर ओरडला. "उत्तर सांगू नकोस हं. मी सोडवतोय."